यो-योचा शौक : तीन मिनिटांमागची वर्षं

घरातल्या एखाद्या मुलाला एकाएकी कसला तरी नाद लागतो. कधी पतंग, कधी कबुतरं, कधी कॅरम, तर कधी रंगीत चौकोनांचा क्यूब. पहिले आठ दिवस सगळ्यांना कौतुक असतं. पंधरा दिवसांनी अम्मी म्हणते, "जेवताना तरी ते खाली ठेव." महिन्याभराने अब्बू विचारतात, "याने पोट भरणार आहे का?"

प्रश्न चुकीचा नाही. ज्या घरात महिन्याचा हिशेब वहीत मांडावा लागतो, ज्या घरावर दहावीचं वर्ष येऊन ठेपलेलं असतं, तिथे तो विचारला जाणारच. पण त्याचं उत्तर बहुतेक वेळा घाईत दिलं जातं, आणि ते वडीलधाऱ्यांनीच दिलेलं असतं. म्हणून या वेळी आम्ही अशाच एका नादाची आणि तो नाद न सोडता मोठ्या झालेल्या एका मुलाची हकिकत वाचकांपुढे ठेवत आहोत. नाद यो-योचा. मुलगा अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागातल्या चिको या शहरातला. नाव जेंट्री स्टाइन. २०१४ साली चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग इथे झालेल्या जागतिक स्पर्धेत तो यो-योच्या सर्वांत चुरशीच्या गटात जगज्जेता ठरला. तेव्हा तो विशीच्या आत होता.

हे खेळणं आहे तरी काय?

यो-यो म्हटलं की आपल्याला उरुसातल्या दुकानावर टांगलेली प्लास्टिकची रंगीत चकती आठवते. शीतपेयाच्या बाटल्यांची झाकणं जमवून मिळवलेला यो-योही अनेकांना आठवत असेल. दोरी बोटात अडकवायची, चकती खाली सोडायची, झटका देऊन वर घ्यायची. दहा-वीस वेळा वर-खाली झाली की हौस फिटली.

पण या खेळण्याची खरी गंमत दोरी कशी बांधली आहे यात दडलेली आहे. दोन चकत्यांना जोडणाऱ्या मधल्या दांड्याला दोरी पक्की बांधलेली असेल, तर यो-यो खाली पोचला की लगेच उलटा गुंडाळत वर येतो. दुसरं काही करायला वेळच मिळत नाही. तीच दोरी दांड्याभोवती नुसती सैल फासासारखी अडकवली, तर यो-यो खाली जाऊन तिथेच गरगरत राहतो. याला खेळाडू 'स्लीप' म्हणतात, म्हणजे यो-यो झोपला. तो असा झोपलेला असताना दोरीचे फास, झोके, पाळणे करता येतात आणि एक हलका झटका दिला की तो जागा होऊन हातात परत येतो.

पुढची सुधारणा विसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. सॅन फ्रान्सिस्कोमधले एक दंतवैद्य, टॉम कून, यो-योचे शौकीन होते. त्यांनी १९९० साली मधल्या दांड्यावर बॉल बेअरिंग बसवलेला यो-यो बाजारात आणला. सायकलच्या चाकात छर्रे असल्यामुळे चाक जसं सहज फिरत राहतं, तेच तत्त्व. आधी काही सेकंद फिरणारा यो-यो आता मिनिटांवर फिरू लागला. आज स्पर्धेत वापरला जाणारा यो-यो तर साध्या झटक्याने वर येतच नाही. त्याला परत बोलवायचं तर दोरीचा एक वेढा चकत्यांमधल्या फटीत नेमका सरकवावा लागतो. याला 'बाइंड' म्हणतात. नवशिक्या मुलाचा पहिला महिना बहुधा एवढं शिकण्यातच जातो.

घरात विज्ञानाची आवड असलेली मुलं असतील, तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. १९८५ साली 'डिस्कव्हरी' या अंतराळयानातून काही खेळणी मुद्दाम नेली होती. वजनरहित अवस्थेत ती कशी वागतात, हे शाळकरी मुलांना दाखवायचं होतं. त्यांत यो-योही होता. तिथे असं दिसलं की यो-यो अगदी सावकाश सोडला तरी डौलात जातो आणि येतो, पण झोपत नाही. जमिनीवर त्याला खाली धरून ठेवणारं गुरुत्वाकर्षण तिथे नसतं. म्हणून दोरी संपली की तो तिथे न थांबता परत फिरतो.

चकई आपलीही

हे खेळणं पाश्चात्त्यांचं, असं समजण्याचं कारण नाही. इसवी सनापूर्वी सुमारे ४४० च्या एका ग्रीक भांड्यावर यो-यो खेळणारा मुलगा रंगवलेला आहे. आपल्याकडे हिंदी-उर्दूत त्याला 'चकई' म्हणत. १७७० च्या सुमारास उत्तर भारतात, राजस्थानी शैलीत रंगवलेलं एक लघुचित्र आज उपलब्ध आहे. त्या चित्रात चकई खेळते आहे ती एक स्त्री. हा फक्त मुलांचा खेळ, असं म्हणणाऱ्यांनी ते चित्र जरूर पाहावं. जागतिक स्पर्धेतही अलीकडच्या वर्षांत महिलांचा स्वतंत्र गट असतो.

'यो-यो' हा शब्द फिलिपिन्समधून आला. तो जगभर पोचवण्याचं मोठं श्रेय पेद्रो फ्लोरेस या स्थलांतरिताला जातं. फिलिपिन्समधून अमेरिकेत आलेला हा तरुण कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे हॉटेलात सामान उचलण्याचं काम करत होता. आपल्या मुलखातली मुलं जे खेळतात ते इथे विकता येईल, असं त्याच्या मनात आलं आणि १९२८ साली त्याने स्वतःचा कारखाना सुरू केला. दोरी सैल फासाने अडकवण्याची पद्धत त्याने आपल्या देशातून आणली होती. नुसता माल दुकानात ठेवून तो थांबला नाही. त्याने मुलांच्या स्पर्धा भरवल्या. आज जगभर ज्या स्पर्धा होतात, त्यांची सुरुवात त्या स्पर्धांत आहे.

पुढे डोनाल्ड डंकन या व्यापाऱ्याने त्याचा धंदा विकत घेतला आणि यो-यो म्हणजे डंकन असं समीकरण झालं. 'यो-यो' या नावावरही कंपनीने हक्क सांगितला. १९६५ साली अमेरिकन न्यायालयाने निकाल दिला की हा त्या खेळण्याचा सर्वसामान्य शब्द आहे, त्यावर कुणा एकाची मालकी असू शकत नाही. परक्या देशात बोजे उचलणाऱ्या माणसाने आपल्या भाषेतला शब्द आणला आणि तो जगाचा होऊन बसला.

एका गावाचं पाठबळ

आता चिकोकडे वळू. चिको हे काही मोठं महानगर नाही. बदामाच्या बागांच्या मुलखातलं विद्यापीठाचं शहर आहे. या शहराच्या मुख्य चौकासमोर 'बर्ड इन हँड' नावाचं खेळण्यांचं दुकान आहे आणि त्या दुकानातच अमेरिकेचं राष्ट्रीय यो-यो संग्रहालय आहे. जुने लाकडी यो-यो, जाहिराती, बिल्ले, पदकं तिथे जपून ठेवली आहेत. तिथला एक लाकडी यो-यो २५६ पौंडांचा, म्हणजे सुमारे ११६ किलोंचा आहे. तो चालवायला क्रेन लागते.

दुकानाचे चालक बॉब मॅलोनी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून या गावात राष्ट्रीय यो-यो स्पर्धा भरू लागली. ऑक्टोबर महिन्यात गावच्या चौकात मंच उभा राहायचा, देशभरातून खेळाडू यायचे आणि रस्त्याने जाणारा येणारा माणूसही थांबून बघायचा. तिकीट नव्हतं, दरवाजा नव्हता.

जेंट्री प्राथमिक शाळेत असताना त्याच्या हाती यो-यो आला. शाळांमध्ये अशा खेळांची साथ येते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. एका आठवड्यात वर्गातल्या सगळ्यांच्या खिशात तेच खेळणं दिसतं आणि दोन-तीन महिन्यांत ते कपाटाच्या तळाशी जातं. एखादंच मूल थांबतं. ते का थांबतं याचं एकच एक कारण सांगता येणार नाही, पण थांबलेल्या मुलाला पुढे जायला काय लागतं, ते चिकोकडे पाहून कळतं. त्याच्याहून थोडी मोठी, थोडी पुढे गेलेली मुलं जवळ असावी लागतात. शिकवताना कंटाळणार नाही असं एखादं मोठं माणूस असावं लागतं. जमायला एक जागा लागते. आणि वर्षातून एकदा तरी आपण काय शिकलो ते चारचौघांत दाखवायची संधी लागते. यातलं काहीही फार महाग नाही. आपल्या मोहल्ल्यात कॅरमचा एक चांगला बोर्ड आणि तो सांभाळणारा एक समंजस चाचा असला, तर तिथली मुलं कशी तयार होतात, हे आपण पाहिलेलं आहे.

जपानमध्येही हेच घडलं. १९९७ च्या सुमारास बांदाई या कंपनीने 'हायपर यो-यो' बाजारात आणला आणि तिथल्या मुलांना त्याने अक्षरशः वेड लावलं. होनोलुलूतल्या पतंगांच्या दुकानाचे मालक ॲलन नागाओ यांनी उभ्या केलेल्या खेळाडूंच्या चमूचा त्या लाटेत मोठा वाटा होता. लाट ओसरली, लाखो यो-यो अडगळीत गेले. पण त्या पिढीतली काही मुलं थांबली. हिरोयुकी सुझुकीने २००४, २००५, २००६ आणि पुन्हा २०१२ साली जागतिक विजेतेपद मिळवलं. शिंजी सैतोने वेगवेगळ्या वर्षांत मिळून १३ जागतिक विजेतेपदं जिंकली.

सराव म्हणजे काय?

यो-योच्या सरावाचं चित्र फार देखणं नसतं. मधल्या बोटाला दोरीचा फास घट्ट बसतो, कातडीवर वळ उठतो, कधी सोलवटतं. वेगाने फिरणारा धातूचा यो-यो पोराच्या बोटांच्या पेऱ्यांवर आदळतो. दोरीला गाठ पडते. गाठ साधी नसते. फिरत्या यो-योने ती पिळून घट्ट केलेली असते आणि ती नखाने, कधी सुईने, सोडवत बसावं लागतं. नवीन करामत शिकताना पहिल्या दिवशी खेळण्यापेक्षा गाठी सोडवण्यातच जास्त वेळ जातो.

करामती पायरीपायरीने चढतात. आधी यो-यो सरळ खाली टाकून झोपवायचा. मग जमिनीवर चालवायचा, त्याला 'वॉक द डॉग' म्हणतात. मग दोरीचा त्रिकोण करून त्यात यो-यो झुलवायचा, त्याला 'रॉक द बेबी' म्हणजे बाळाचा पाळणा म्हणतात. मग बाजूला फेकलेला यो-यो बोटावरून वळवून पुन्हा दोरीवरच झेलायचा, हा 'ट्रॅपीझ'. दोरीची जाडी दोन मिलिमीटरही नसते आणि यो-यो तिच्यावर उतरवायचा असतो. जेंट्रीसारखे खेळाडू जे करतात, ते याच्या कितीतरी पुढचं आहे. दोरीची पाच-सहा पदरांची जाळी हवेतच तयार होते, यो-यो तीत शिरतो, उसळतो, पाठीमागून जातो, पायाखालून येतो आणि एका हिसक्यात सगळी जाळी सुटून दोरी सरळ होते. पाहणाऱ्याला वाटतं, आता गाठ बसली. ती बसत नाही, कारण प्रत्येक पदर कोणत्या बाजूने सुटणार हे खेळाडूला ठाऊक असतं.

हे ठाऊक होण्यासाठी त्याने ती गाठ शेकडो वेळा बसवून सोडवलेली असते. आम्हाला या खेळात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. इथे चूक लपत नाही आणि तिचा दोष दुसऱ्यावर ढकलता येत नाही. पंच वाईट होता, जोडीदाराने पास दिला नाही, मैदान ओलं होतं, असं म्हणायची सोय नाही. यो-यो लोंबकळत थांबला, की थांबला. मूल त्याच्याकडे बघतं, दोरी गुंडाळतं आणि पुन्हा टाकतं. ज्या मुलाला गणिताच्या वहीत एक लाल फुली दिसली की रडू येतं, तेच मूल इथे तासाभरात चाळीसदा हरतं आणि एकेचाळिसाव्यांदा हात पुढे करतं. सब्र हा शब्द आपण मुलांना फार वेळा ऐकवतो. तो हाताला कसा लागतो, हे असं एखादं खेळणं त्यांना दाखवून देतं.

मंचावरची तीन मिनिटं

जागतिक स्पर्धेत प्रामुख्याने पाच प्रकार असतात. पहिल्यात एका हातात एक यो-यो आणि दोरीच्या करामती. दुसऱ्यात दोन्ही हातांत एकेक यो-यो घेऊन सतत फेरे काढायचे. तिसऱ्यात दोन यो-योंनी दोरीच्या करामती. चौथ्यात यो-यो दोरीला बांधलेलाच नसतो, तो हवेत उडवून दोरीवर झेलायचा. पाचव्यात दोरीचं टोक बोटाऐवजी एका छोट्या वजनाला बांधलेलं असतं. जेंट्रीचा गट पहिला. सगळ्यांत जास्त गर्दी याच गटात असते.

अंतिम फेरीत खेळाडूला तीन मिनिटं मिळतात. संगीत त्याने निवडायचं, करामतींचा क्रम त्याने बसवायचा. पंचांच्या हातांत मोजणीची छोटी यंत्रं असतात. करामतीतला प्रत्येक यशस्वी भाग एका हाताने मोजला जातो, प्रत्येक चूक दुसऱ्या हाताने. त्याशिवाय सफाई, नावीन्य, संगीताशी मेळ, मंचावरचा वावर यांचे गुण वेगळे. यो-यो थांबला तर गुण कापले जातात. दोरी तुटून यो-यो सुटला तर जास्त कापले जातात. गाठ बसली तर ती सोडवायला थांबायचं नाही. खिशात किंवा मंचावर ठेवलेला दुसरा यो-यो उचलायचा आणि पुढे चालू लागायचं. संगीत कुणासाठी थांबत नाही.

दुसरा यो-यो तयार ठेवणं ही पद्धत आम्हाला फार शहाणपणाची वाटते. जगातला उत्तम खेळाडूही मंचावर चढताना आपलं चुकणार असं धरूनच चढतो आणि चुकल्यावर काय करायचं ते आधी ठरवून ठेवतो. परीक्षेला बसणाऱ्या आपल्या मुलांना आपण याच्या उलट शिकवतो. चुकायचंच नाही, असं बजावून पाठवतो. मग पहिला प्रश्न अडला की पोरगं उरलेला पेपरही हरवून बसतं.

जिंकल्यानंतरची पाच वर्षं

२०१४ साली जेंट्री जिंकला. इथे गोष्ट संपवली असती तर ती सोपी झाली असती. पण पुढच्या वर्षी टोकियोत दुसरा जिंकला. त्यानंतर २०१६ मध्ये क्लीव्हलंडला आणि २०१७ मध्ये आइसलँडची राजधानी रेक्याविक इथे, अशी लागोपाठ दोन वर्षं जपानचा शिओन अराया जिंकला. २०१८ मध्ये शांघायला हवाईचा इव्हान नागाओ जिंकला. वर ज्या ॲलन नागाओंचा उल्लेख आला, त्यांचाच हा मुलगा. ज्या वडिलांनी एका पिढीला हे खेळणं दिलं, त्यांच्याच घरात वीस वर्षांनी जगज्जेतेपद आलं.

या चार वर्षांत जेंट्री होता कुठे? तो खेळतच होता. राष्ट्रीय विजेतेपद त्याने एकाहून अधिक वेळा मिळवलं. पण जगाच्या मंचावर एकदा शिखर गाठलेल्या तरुणाला दरवर्षी दुसऱ्याच्या गळ्यात पदक पाहायला लागणं म्हणजे काय, याचा विचार करावा. नवी मुलं येतात, जास्त वेगवान असतात, त्यांनी त्याच्याच करामती पाहून सुरुवात केलेली असते. अशा वेळी बरेच जण मानाने निवृत्त होतात. जेंट्री २०१९ साली पुन्हा क्लीव्हलंडच्या मंचावर चढला आणि पुन्हा जगज्जेता झाला. दोन विजेतेपदांमध्ये पाच वर्षांचं अंतर. पहिलं विजेतेपद कौशल्याचं म्हणा, दुसऱ्यात त्या पाच वर्षांचा हिशेबही आहे.

मग पोट भरतं का?

अब्बूंच्या प्रश्नाला आता सरळ उत्तर द्यायला हवं. स्पर्धेच्या बक्षिसावर कुणाचं घर चालत नाही. क्रिकेटसारखा पैसा या खेळात नाही. फार थोड्या खेळाडूंना कंपन्या आपल्याकडे घेतात. जेंट्रीच्या नावाने यो-योफॅक्टरी या कंपनीने 'शटर' नावाचा धातूचा यो-यो काढला आणि तो जगभर विकला गेला. काही जण प्रात्यक्षिकं करतात, शाळांमधून फिरतात, काही सर्कशीत जातात. पण स्पर्धेत उतरणाऱ्या शेकडो मुलांपैकी बहुतेक जण पुढे दुसराच काही व्यवसाय करतात. हे मुलालाही सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

दुसरा व्यवसाय केला म्हणजे नाद वाया गेला, असंही नाही. १९३२ साली लंडनमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा ती हार्वी लो नावाच्या १३ वर्षांच्या मुलाने जिंकली. कॅनडात व्हिक्टोरिया या गावी राहणाऱ्या चिनी कुटुंबातला हा मुलगा. त्या काळात कॅनडात चिनी माणसाला मतदानाचा हक्कही मिळत नव्हता. यो-यो विकणाऱ्या कंपनीने त्याच्या हातांचा दीड लाख डॉलरचा विमा उतरवला होता, ती अर्थातच जाहिरात. जाहिरातीची लाट गेली, मुलगा मोठा झाला, शांघायमध्ये राहिला, नंतर व्हँकुव्हरला परतला आणि रेडिओवर चिनी संस्कृतीची ओळख करून देणारा निवेदक म्हणून लोकांना माहीत झाला. यो-यो त्याने म्हातारपणापर्यंत सोडला नाही. २००९ साली तो वारला. तेराव्या वर्षी परक्या देशात, परक्या लोकांसमोर, मंचावर उभं राहण्याचा जो सराव त्याला झाला, तो आयुष्यभर कामी आला असणार, असं आम्हाला वाटतं.

घरच्यांनी काय पाहावं?

कोणत्याही नादाला घरात जागा द्यायची तर काही गोष्टी ठरवून घेतलेल्या बऱ्या.

खर्चापासून सुरुवात करू. नवशिक्या मुलाला महाग धातूचा यो-यो लागत नाही. साधा, सैल फासाचा, चांगल्या दर्जाचा प्लास्टिकचा यो-यो पुरतो. पुढचा यो-यो कोणती करामत जमल्यावर घ्यायचा, हे मुलाबरोबर आधीच ठरवावं. दोरी मात्र वारंवार बदलावी लागते, झिजलेली दोरी तुटते आणि यो-यो काचेवर जातो. दोरीचं माप सोपं आहे. यो-यो जमिनीवर ठेवून दोरी सरळ वर धरली की ती साधारण मुलाच्या बेंबीपर्यंत यावी. जास्त लांब दोरी म्हणजे गुडघ्यावर मार.

सुरक्षिततेचंही पाहा. धाकटी भावंडं, टीव्ही, पंखा आणि काचेचं कपाट यांच्यापासून लांब, शक्यतो अंगणात किंवा गच्चीत खेळायला लावा. बोट काळं-निळं दिसू लागलं की फास काढून विश्रांती. दोरी गळ्यात अडकवण्याचे खेळ अजिबात नकोत आणि अगदी लहान मुलांच्या हाती दोरीचा यो-यो एकट्याने देऊ नये.

वेळही ठरवून द्या. नमाज, अभ्यास, जेवण, घरातली कामं यांच्या वेळा आपापल्या जागी. असरनंतरचा अर्धा-पाऊण तास नादाचा, हे एकदा ठरलं की रोजची कटकट थांबते. मुलालाही तो वेळ आपल्या हक्काचा वाटतो आणि तो त्याचा नीट उपयोग करतो.

आणखी एक गोष्ट. नाद आणि वेळ घालवणं यांतला फरक ओळखावा. मोबाइलवर बोट फिरवणारं मूल दोन तासांनी उठतं तेव्हा काल जिथे होतं तिथेच असतं. यो-यो घेऊन बसलेल्या मुलाला काल 'ट्रॅपीझ' जमत नव्हता, आज दहातून तीनदा जमतो. हे त्याला स्वतःला मोजता येतं. ज्या नादात मूल स्वतःची प्रगती स्वतः मोजू शकतं, चुकल्यावर परत उभं राहतं आणि धाकट्या भावंडाला शिकवायला बसतं, तो नाद घरात राहू द्यायला हरकत नाही. मग तो यो-योचा असो, खताती म्हणजे सुलेखनाचा असो, की घड्याळं उघडून जोडण्याचा.

आपल्या घरात असं एखादं नादिष्ट मूल असेल, तर आज रात्री जेवताना त्याला विचारून पाहा : आज काय जमलं नाही, आणि मग तू काय केलंस? तो किंवा ती काय उत्तर देते, ते आम्हाला जरूर लिहून पाठवा.